घरातील ‘रेंज’ : आखाडा बाळापूर येथील बिनतारी लहरी, भिंती व क्रियापदे

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूर हे बाजारपेठेचे गाव आहे. तेथे प्रस्तुत लेखकाच्या आत्याबाई राहतात. यजमान निवर्तल्यापासून त्या घरात एकट्याच असतात. मुलगा व सून नोकरीनिमित्त पुण्यास असतात. आईकडे लक्ष राहावे म्हणून मुलाने घरात एकामागून एक उपकरणे बसविली : दाराशी व परसात कॅमेरे, हाक मारली असता फोन लावून देणारा स्पीकर, टाकी भरताच पंप बंद करणारे बटण, रात्री चाहूल लागताच उजळणारे दिवे, शिवाय टीव्ही आणि दोन फोन. सणावारी नातवंडे जमली म्हणजे ही संख्या विसाच्या घरात जाते. ही सर्व उपकरणे वायफायच्या एका राउटरवर अवलंबून आहेत, आणि त्या राउटरविषयी घरात ऐकू येणारी तक्रार एकच असते : ‘रेंज नाही.’

गेल्या पावसाळ्यात आत्याबाईंना परसातील न्हाणीघरापाशी भोवळ आली. स्पीकर स्वयंपाकघरात होता. तो गप्प राहिला. हातातल्या फोनवरून मुलाला लावलेला कॉल लागला नाही. परसातील कॅमेरा तर त्याआधी दोन दिवसांपासून बंद दिसत होता. शेजारच्या बाईंनी घागर पडल्याचा आवाज ऐकला म्हणून निभावले. काय झाले असे मुलाने नंतर विचारले तेव्हा त्याला उत्तर मिळाले ते ह्याच दोन शब्दांत. त्याने पुण्याहून चार अँटेनांचा, पहिल्याहून महाग राउटर पाठविला. तो पहिल्याच जागी, पण भिंतीवर आणखी उंच लावण्यात आला. परसात काही फरक पडला नाही. मग परसाच्या अंधाऱ्या खोलीत ‘रेंज वाढविणारे’ एक उपकरण बसविले. त्यानेही पडला नाही.

भाषेच्या अभ्यासकाने ह्या प्रकरणात का पडावे, असा प्रश्न वाचकांस पडेल. कारण असे की, हे उपाय चुकले ते उपकरणांच्या दोषामुळे चुकले नाहीत. ‘रेंज’ ह्या शब्दाने घरच्यांच्या मनात जे चित्र उभे केले होते त्या चित्राबरहुकूम ते योजले गेले होते. ते चित्र एका दिवसात तयार झालेले नाही. नव्वद वर्षांत बिनतारी लहरींचा मराठवाड्यातील घरांशी जो संबंध येत गेला, त्याचा गाळ त्या शब्दात साचला आहे. तो संबंध क्रमाने पाहणे हा ह्या लेखाचा हेतू होय.

प्रथम शब्दाचा आजचा व्यवहार पाहू. आत्याबाईंच्या घरी ‘रेंज नाही’ हे वाक्य तीन निरनिराळ्या प्रसंगी वापरले जाते. गल्लीतून येणारी फायबरची तार तुटली, म्हणजे राउटरपर्यंतच काही पोहोचत नाही. तेव्हा रेंज नाही. तार शाबूत आहे, परंतु परसात गेलेल्या फोनला राउटरचे व राउटरला फोनचे ऐकू येत नाही. तेव्हाही रेंज नाही. दिवाळीत सारी मंडळी जमली आहेत, प्रत्येकाच्या फोनवरील रेघा भरलेल्या आहेत, तरी कोणाचेच चित्र हलत नाही. तेव्हादेखील रेंज नाही. पहिला बिघाड गावच्या तारेचा, दुसरा घराच्या भिंतींचा, तिसरा बोलणाऱ्यांच्या गर्दीचा. तिघांचे उपाय एकमेकांस उपयोगी पडत नाहीत. ताप, खोकला आणि मोडलेला पाय ह्या तिघांस एकच नाव देणाऱ्या वैद्याकडून गुण येण्याची आशा कमीच.

शब्दाच्या बरोबरीने क्रियापदेही पाहिली पाहिजेत. रेडिओच्या काळात मराठी माणूस म्हणे, ‘स्टेशन लागले.’ दूरचित्रवाणीच्या काळात ‘चित्र येते’, बिघडले म्हणजे ‘मुंग्या येतात’. मोबाइलच्या काळात ‘रेंज येते’, ‘रेंज जाते’, ‘रेंज मिळते’. वायफायच्या बाबतीत ‘वायफाय पकडते’ असा प्रयोग रूढ होत आहे. बिघाडाला मात्र जुनीच रचना चालते : ‘रेंज येईना’, ‘नेट चालंना’. ‘-ना’ हा प्रत्यय मराठीत मोठा अर्थपूर्ण आहे. पाऊस पडेना, दार उघडेना, मूल जेवेना असे आपण म्हणतो तेव्हा त्या वस्तूच्या ठायी एक प्रकारचा हट्ट कल्पितो, आणि स्वतःकडे वाट पाहणाऱ्याची भूमिका घेतो. ह्या सगळ्या क्रियापदांत एक गोष्ट समान आहे. लहर बाहेरून येते. घर ती घेते. घर काही बोलते, असे सुचविणारे एकही क्रियापद ह्या मालिकेत नाही.

रेडिओच्या बाबतीत हे अगदी यथार्थ होते. निजामाच्या राज्यात हैदराबादचे नभोवाणी केंद्र १९३५ साली सरकारी झाले, आणि पुढे औरंगाबादेसही केंद्र निघाले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५० मध्ये ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. त्या काळी मराठवाड्याच्या सरकारदरबारची भाषा उर्दू होती, आणि वायरलेसला उर्दूत ‘लासिलकी’ म्हणत : अरबीतील ‘ला’ म्हणजे नाही, ‘सिल्क’ म्हणजे तार. मराठीतील ‘बिनतारी’ हा शब्द नेमका त्याच साच्याचा आहे. इंग्रजी, उर्दू आणि मराठी ह्या तिन्ही भाषांनी ह्या नव्या वस्तूचे नाव तिच्यात जे नाही त्यावरून ठेवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जे आहे, म्हणजे लहर आणि हवा, त्याला नावात स्थान मिळाले नाही. ‘नभोवाणी’ व ‘आकाशवाणी’ ह्या पुढच्या शब्दांनी ती उणीव भरून काढली खरी, परंतु वाणीचा उगम त्यांनी आकाशात नेऊन ठेवला. श्रोता खालीच राहिला.

कायद्यानेही हीच विभागणी पक्की केली. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यान्वये नुसता ऐकण्याचा संच घरात ठेवण्यासही परवाना लागे. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर ती व्यवस्था इकडेही आली. वर्षाचे शुल्क पोस्टात भरावयाचे आणि त्याची नोंद पुस्तिकेत करून घ्यावयाची, हे काम १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होते. ज्या घरात ऐकण्यालाही परवाना लागे, त्या घराने बोलण्याचा विचार मनात आणावा अशी परिस्थितीच नव्हती.

त्या काळच्या लहरी लांब होत्या. मध्यमलहरींवरील केंद्राची एक लहर साधारणपणे दोनशे ते पाचशे मीटर लांबीची असते. एवढ्या लांब लहरीला माळवदाची भिंत म्हणजे काहीच नव्हे. ती घराला, झाडाला, टेकाडाला वळसा घालून पुढे जाते. संच माजघरात असो वा ओसरीवर, केंद्र लागावयाचे तर लागे. न लागले तर एरियलची तार छपरावर उंच बांधीत. त्यातून पहिला धडा मिळाला : उंच न्यावे म्हणजे नीट येते. १९८० च्या दशकात लघुशक्तीची दूरचित्रवाणी प्रक्षेपण केंद्रे गावोगाव दिसू लागली. त्यांच्या लहरी दीड मीटराच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन हात लांब होत्या. मग काठीच्या टोकाला आडव्या नळ्यांचा अँटेना आला. एकाने माळवदावर चढून तो फिरवावयाचा, दुसऱ्याने ओसरीवरून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडावयाचे, आणि तिसऱ्याने त्या दोघांमध्ये निरोप पोहोचवावयाचा, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्याचे वर्णन नको. धडा तोच राहिला, अधिक पक्का झाला. मोबाइलने त्यात भर घातली : टॉवर गावाबाहेर, लहर वीत-दीड वीत, आणि माणूस गच्चीवर वा रस्त्यावर जाऊन रेंज शोधणारा. ‘रेंज’ हा शब्द घरोघर स्थिरावला तो ह्याच काळात. मराठीत ‘पल्ला’ आणि ‘टप्पा’ हे शब्द होते. तोफेचा पल्ला असतो, माणूस टप्प्यात येतो. परंतु पल्ला हा मारणाऱ्याचा असतो, आणि रेंज ही मराठीत येताना मिळणाऱ्याची झाली. ‘माझ्याकडे रेंज नाही’ असे आपण म्हणतो. ‘माझ्याकडे पल्ला नाही’ असे कोणी म्हणणार नाही. ह्या अर्थांतराकडे आमच्या कोशकारांनी लक्ष द्यावयास हवे.

आता वायफायकडे वळू. त्याच्या इतिहासात दोन प्रवाह एकत्र आले आहेत, आणि दोन्ही आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातात.

पहिला प्रवाह हवाई बेटांवरचा. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील यंत्रे एकाच बिनतारी मार्गाने मुख्य संगणकाशी जोडली. १९७१ साली हे जाळे चालू झाले. त्याचे नाव ‘अलोहा’. प्रत्येक यंत्राला वेगळा मार्ग द्यावयाचा नाही. ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले आणि शब्दावर शब्द आदळला, तर दोघांनी थोडे थांबून, प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरविलेल्या अवधीनंतर, पुन्हा बोलावे. रचना साधी, पण खर्चिक. गणिताने असे दिसते की, ह्या निर्बंध पद्धतीत मार्गाचा जास्तीत जास्त १८ टक्के एवढाच भाग सत्कारणी लागतो. पुढे आधी कानोसा घेऊन मग बोलण्याची शिस्त आली, आणि तीच सुधारून वायफायमध्ये घेतली गेली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे दुसरी एक गोष्ट आठवेल. १९७४ साली सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन ह्या तिघांनी ‘लँग्वेज’ ह्या नियतकालिकात संभाषणातील पाळीची व्यवस्था मांडली : एका वेळी बहुधा एकच बोलतो, दोघे एकदम बोलले तर तो प्रसंग क्षणात निवळतो, आणि बोलण्याची पाळी जागच्या जागी ठरत जाते. हवाईतील अभियंत्यांनी आणि कॅलिफोर्नियातील संभाषण-विश्लेषकांनी एकमेकांचे लेखन पाहिले असावे असे सुचविण्याचा हेतू नाही. दोघांपुढे प्रश्न मात्र एकच होता : हवा एक, बोलणारे अनेक.

दुसरा प्रवाह कायद्याचा. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे परवान्यावाचून वापरण्यास मोकळे केले. त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता; अन्न गरम करणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्याही तेथेच चालतात. त्या आधारावर १९९७ साली ८०२.११ हे मानक ठरले. त्याचा वेग सेकंदास एक ते दोन मेगाबिट एवढाच होता. १९९९ साली तो अकरावर गेला, आणि त्याच वर्षी कंपन्यांच्या संघाने नावे बनविणाऱ्या एका संस्थेकडून ‘वाय-फाय’ हे नाव घेतले. हे नाव ‘हाय-फाय’च्या यमकावर बेतलेले आहे. त्याचा विस्तार म्हणून जे दोन इंग्रजी शब्द सांगितले जातात, ते नावाच्या मागाहून जोडलेले आहेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तो विस्तार सर्रास लिहिला जातो. असो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने घरी-दारी परवान्यावाचून खुला झाला; ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा मोठा भाग २०१८ मध्ये घराबाहेरच्या वापरासही मोकळा करण्यात आला. ह्या घटनेचे महत्त्व जेवढे ओळखले जावयास हवे होते तेवढे ओळखले गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. १९३३ च्या कायद्याने ऐकण्यावरही परवाना बसविला होता. २००५ च्या अधिसूचनेने बोलण्यावरचाही उठविला. तेव्हापासून आखाडा बाळापूरचे प्रत्येक घर हे लहानसे प्रक्षेपण केंद्र झाले आहे, आणि घरातील प्रत्येक उपकरण हे वक्ता झाले आहे. अट एवढीच की, कोणी कोणाला अडवावयाचे नाही आणि कोणी अडविले तर दाद मागावयाची नाही. शेजारच्या तीन घरांचे राउटर आणि आत्याबाईंचा राउटर ह्यांना हीच एक हवा वाटून घ्यावी लागते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा जेमतेम तीन आहेत. भाषेत मात्र ‘येणे’ आणि ‘मिळणे’ ही क्रियापदे जशीच्या तशी राहिली.

आता त्या न्हाणीघराच्या प्रसंगाचा उलगडा होतो. चार अँटेनांचा राउटर म्हणजे मोठ्या आवाजाचा वक्ता. त्याचे बोलणे परसापर्यंत गेले असेलही. परंतु आत्याबाईंच्या हातातील फोनचा आवाज लहान, त्याचे उत्तर राउटरपर्यंत परत आले नाही. रेडिओला उत्तर द्यावयाचे नसते, म्हणून केंद्राचा आवाज वाढविणे पुरे होते. येथे पुरे होत नाही. त्यातून फोनचा एक स्वभाव असा की, वायफायची क्षीण रेघ असेपर्यंत तो तिलाच चिकटून राहतो. बाहेर मोबाइलचे जाळे चांगले असले तरी तिकडे वळावयास वेळ लावतो. रेघ होती म्हणूनच फोन लागला नाही, असे म्हटले तरी चालेल. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या उपकरणाची गतही सोपी आहे : त्याला मुळातले ऐकू येत नव्हते, आणि ऐकू न आलेली गोष्ट तो पुढे सांगत होता. शिवाय जे काही ऐकू येई तेही त्याच हवेत दुसऱ्यांदा बोलावे लागल्याने हवा दुप्पट खर्च होई.

गर्दीचा प्रश्न ह्याच्याशी जोडलेला आहे आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. जवळचे उपकरण भराभर बोलून मोकळे होते. दूरच्या, भिंतीआडच्या उपकरणाला सावकाश, एकेक अक्षर सुटे करून बोलावे लागते, नाही तर समजत नाही. पाळी मोजली जाते ती बोलण्याच्या संख्येने, वेळाने नव्हे. त्यामुळे परसातील एक कॅमेरा जेव्हा रडतखडत आपले चित्र पाठवू लागतो, तेव्हा ओसरीवर राउटरच्या पायाशी बसलेल्या नातवाचा फोनही मंदावतो. त्याच्या रेघा पूर्ण असतात. तो म्हणतो, रेंज नाही. वस्तुतः त्याला रेंज पुरेपूर आहे. त्याला पाळी मिळत नाही.

भिंतींचा इतिहास येथे अपरिहार्य होतो. भारतात बिनतारी लहरींचा पहिला गाजलेला जाहीर प्रयोग जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलात १८९५ साली केला, आणि त्यात दाखवावयाची गोष्ट हीच होती की, लहर भिंतींतून पलीकडे जाऊन घंटा वाजवू शकते. म्हणजे ह्या विषयाचा आपल्याकडील आरंभच भिंतीपासून आहे. परंतु लहर भिंतीतून जाते आणि लहर भिंतीतून पुरेशी जाते, ही दोन विधाने एक नव्हेत.

आत्याबाईंच्या घरात मराठवाड्याच्या गृहरचनेचे तीन थर शाबूत आहेत. पुढे जुने माळवद : दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, लाकडी सऱ्यांवर पसरलेली पांढरी माती, उजेडासाठी छताला साणे. मध्ये अंगणाच्या बाजूने लोखंडी पत्र्याची पडवी. हळद आणि कापूस ठेवावयास बांधलेली. मागे सिमेंटच्या स्लॅबच्या दोन खोल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली, आणि तेव्हापासून माळवदाविषयी मनात बसलेली भीती मराठवाड्यात ठिकठिकाणी स्लॅब घालण्यास कारण झाली. हे भय ह्या तालुक्यात अजून ताजे आहे. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी कळमनुरीच्या परिसरात धक्के बसले, त्यांची तीव्रता ४.५ पर्यंत होती, आणि मार्चच्या धक्क्यांनंतर पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड उतरवून घेण्याचे आवाहन प्रशासनास करावे लागले होते.

लहरींच्या दृष्टीने ह्या तीन थरांचे स्वभाव वेगळे आहेत. मातीची जाड भिंत लहर शोषून घेते, आणि पावसाळ्यात ओल धरली की अधिकच शोषते. पाणी हे ह्या लहरींचे मोठे शत्रू होय. भोवळीचा प्रसंग पावसाळ्यातला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. लोखंडी पत्रा तर जवळजवळ सर्व लहर माघारी फिरवतो. पडवी ही वायफायच्या वाटेतील आरसा आहे. स्लॅबच्या खोल्यांत सिमेंट आणि आत सळयांची जाळी, म्हणून तेथेही पुष्कळशी लहर अडते. त्याशिवाय माजघरात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या आणि लोखंडी कपाट आहे, तो भाग निराळाच. ह्याच नव्वद वर्षांत लहर मात्र आखूड होत गेली : शेकडो मीटरांवरून हातांवर, हातांवरून वितीवर, आणि आता वायफायची २.४ ची लहर अर्धी वीत, ५ ची तर तीन अंगुळे. आखूड लहरीत मजकूर पुष्कळ मावतो, पण तिला वळसा घालता येत नाही आणि आड आलेल्या वस्तूमागे तिची सावली पडते. लहर आखूड होत गेली आणि भिंतींत लोखंड शिरत गेले. आजची अडचण ह्या दोन इतिहासांच्या भेटीतून जन्मली आहे.

एक आनुषंगिक नोंद. ह्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस, म्हणजे लायगो-इंडियास, केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या योजल्या आहेत. ज्या लहरींना पृथ्वीसुद्धा आड येत नाही त्या टिपण्याची ही सिद्धता, आणि तेथून फार दूर नसलेल्या गावी अर्ध्या वितीच्या लहरीला ओली भिंत ओलांडवत नाही. असो.

ह्या दिवाळीत आतेभाऊ आणि प्रस्तुत लेखक अशा दोघांनी मिळून घराची फेरमांडणी केली. राउटर पुढच्या भिंतीवर होता, कारण गल्लीतील तार तेथून आत येत होती आणि बसविणाऱ्याने ती तेथेच संपविली होती. म्हणजे घराचा निम्मा आवाज रस्त्याला ऐकू जात होता. तो काढून ओसरी आणि माजघर ह्यांमधील दाराच्या चौकटीशी, छातीएवढ्या उंचीवर, कोठ्यांपासून दूर ठेवला. मागच्या स्लॅबच्या खोलीत, परसाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी, दुसरी पेटी बसविली आणि ती पहिलीशी तारेने जोडली. दोन्ही पेट्या एकच नाव सांगतात, आणि त्यांचा आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवला आहे, म्हणजे फिरणारा फोन दूरच्या पेटीला विनाकारण धरून बसत नाही. टीव्ही आणि परसातील कॅमेरा ह्यांना तारच दिली. जे जागचे हलत नाही त्याने हवेत बोलण्याचे कारण नाही, आणि ते गप्प झाल्याने जी हवा मोकळी झाली ती फोनांना मिळाली. दिवे व पंपाचे बटण क्वचित आणि थोडे बोलतात, त्यांना २.४ वर ठेवले. जवळच्या फोनांना ५ वर. स्पीकर स्वयंपाकघरातून उचलून न्हाणीघराच्या वाटेवर आणला. दोन्ही पेट्या इन्व्हर्टरवर घेतल्या, कारण वीज गेली की कॅमेरे, दिवे आणि हाक ऐकणारे यंत्र सर्व एकदम मुके होतात, आणि वीज जाण्याची वेळ पुष्कळदा रात्रीची असते.

बिनतारीचा उपाय तार निघावा, ह्याचे आतेभावास हसू आले. तार न्यावयाची कोठून हा प्रश्न होता, कारण दोन हात रुंद भिंतीला भोक पाडण्याची आत्याबाईंची तयारी नव्हती. मग त्यांनीच दाखविले : माजघराच्या भिंतीत, आढ्याखाली, दूरचित्रवाणीच्या अँटेनाची तार आत घेण्यासाठी यजमानांनी पाडलेले भोक होते, चुन्याने बुजविलेले. ते उकरून तार पलीकडे काढली.

बोलण्यातही थोडा फरक पडला आहे. परवा फोनवर आत्याबाई म्हणाल्या, “लाइन आहे रे, पण पोरं बसलीत, म्हणून थांबावं लागतंय.” तीन बिघाडांपैकी पहिला आणि तिसरा ह्यांना त्यांनी वेगळे केले होते, आणि ‘येईना’च्या जागी ‘थांबणे’ आले होते. दुसऱ्यासाठी, म्हणजे भिंतीआड ऐकू न येण्यासाठी, त्या अजून ‘रेंज’च म्हणतात.

एका ठिकाणी मात्र तो शब्द बरोबर आहे. गावाच्या नावातील ‘आखाडा’ हा शब्द ह्या भागात शेतावरच्या वस्तीलाही लावतात : गुरे, अवजारे आणि राखणदार असतो ती जागा. आत्याबाईंचा असा आखाडा गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहे. विहिरीवरचा पंप तेथे सिमकार्डाच्या स्टार्टरने चालतो, आणि घरच्या वायफायचा त्याच्याशी काही संबंध नाही. टॉवर बोलतो, स्टार्टर ऐकतो, एका शब्दाचे उत्तर देतो. तेथून राखणदाराने रेंज नाही असे कळविले, तर खरोखरच रेंज नसते.